बॅटरीचे झाकण

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. पण माणसाच्या हातातील कसबालाही इतिहास असतो. तो कोणी लिहून ठेवीत नाही, इतकेच. आज अशाच एका कसबाची हकीकत सांगावयाची आहे. प्रश्न वरवर क्षुल्लक दिसेल: हायब्रिड मोटारीची बॅटरी बिघडली, तर ती घरच्या घरी दुरुस्त करता येते काय?

हा प्रश्न मला गोराईच्या एका चालकाने विचारला. बोरिवलीच्या पश्चिमेस, खाडीच्या अलीकडच्या बाजूला ही वसाहत आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली सुरू झालेल्या योजनेतून येथे लहान लहान भूखंड पाडले गेले आणि त्यांवर कष्टकऱ्यांची घरे उभी राहिली. हा गृहस्थ जुनी हायब्रिड गाडी घेऊन टूरिस्ट परमिटवर चालवीत असे. एके दिवशी धोक्याचा दिवा लागला. गॅरेजात सांगण्यात आले की, बॅटरीचा सारा संच बदलावा लागेल. किंमत ऐकून त्याचे अवसान गळाले. ओळखीच्या वायरमनला बोलावून, दारासमोरच ती पेटी उघडण्याचा बेत त्याने केला. मी हरकत घेताच तो म्हणाला, "भाऊ, आमचे वडील गॅरेजात होते. त्यांच्या वेळी बॅटरी उघडतच होते की!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते याने १८५९ साली तयार केली. १८८१ साली कामीय फोर याने शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या भस्माचा लेप देण्याची युक्ती काढली आणि तिची साठवणशक्ती वाढली. पुढे मोटारी आल्या. त्यांतील जुनी बॅटरी म्हणजे कडक रबराची काळी पेटी. आत तीन किंवा सहा घरे. प्रत्येक घर दोन व्होल्टचे. प्रत्येकाला वेगळे झाकण, कडेने डांबर आणि एका घरास दुसऱ्याशी जोडणारी शिशाची पट्टी वर उघडी. मिस्त्री हायड्रोमीटरने प्रत्येक घरातील आम्ल तपाशी. भरलेल्या घरात त्याचे विशिष्ट गुरुत्व १.२५ च्या आसपास असावयाचे. एकाच घरात ते फार खाली दिसले, की दुखणे तेथे! मग डांबर तापवून मऊ करावयाचे, पट्टी कापावयाची, प्लेटांचा जुडगा वर काढावयाचा, मधले लाकडी पडदे बदलावयाचे आणि शिसे वितळवून पुन्हा जोड द्यावयाचा. पाच घरे शाबूत असताना सहाव्यापायी सारी पेटी फेकावी, हे त्याला पटले नसते.

मात्र या कसबाची किंमतही सांगितली पाहिजे. शिशाचा धूर फुप्फुसात जातो, शिसे हाडांत साठते. पोटात कळा येतात, मनगट लुळे पडते. आम्लाने कपड्यांची चाळण होते. हा खर्च कोणत्याही बिलात लिहिला जात नसे. तो मिस्त्रीच्या अंगावर पडे.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्लॅस्टिकची नवी पेटी आली. झाकण सलग, उष्णतेने सांधलेले. जोड आतल्या भिंतींतून गेलेले. पेटी हलकी झाली, स्वस्त झाली, गळती कमी झाली. हे लाभ नाकारण्यात अर्थ नाही. पण घर उघडण्याची वाट बंद झाली. मिस्त्रीकडे उरले पाणी घालणे आणि चार्जिंग लावणे. झाकणाबरोबर एक विद्याही बंद झाली.

आता हायब्रिड गाडीकडे वळू. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांची जोडी जमवण्याची कल्पना जुनी आहे. फेर्डिनांड पोर्श याने १९०० च्या सुमारासच तशी गाडी केली होती. परंतु ती घरोघर जाण्याचा मार्ग मोकळा झाला तो टोयोटाने १९९७ च्या डिसेंबरात प्रियस ही गाडी जपानात विक्रीस आणली तेव्हा. मुंबईतही २०१८ साली प्रदेश विकास प्राधिकरणाने घेतलेल्या २५ हायब्रिड बसगाड्या 'बेस्ट'ने रस्त्यावर आणल्या.

२००३ साली आलेल्या दुसऱ्या प्रियसची बॅटरी पाहा. निकेल-मेटल हायड्राइड जातीचे २८ घटक; प्रत्येकात सहा घरे; प्रत्येक घर १.२ व्होल्टचे. एकूण घरे १६८ आणि दाब २०१.६ व्होल्ट. म्हणजे पेटी उघडली, की आत तीच जुनी रचना! घटक एकामागून एक माळेसारखे जोडलेले. माळेतील एक दुबळा झाला, की साऱ्यांचे काम अडते. एखाद्या घटकातील एक घर मेले, तर त्याचा दाब इतरांहून सुमारे सव्वा व्होल्ट कमी दिसतो. काही वेळा घटक चांगले असतात आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्याच दमट हवेने हिरव्या पडलेल्या असतात. दोष हुडकून तेवढाच काढावा, हा बापाचा न्याय येथेही लागू पडतो.

मग मी हरकत का घेतली? बापाची पेटी होती सहा किंवा बारा व्होल्टची. ही आहे दोनशेच्या वर, आणि तीही एकदिश विजेची. तिचा धक्का प्राण घेऊ शकतो. सुरक्षेचा खटका ओढून काढला, तरी माळ मध्ये तुटते एवढेच. घटकांतील वीज जात नाही. इन्व्हर्टरमधील कंडेन्सर निवण्यासाठी दहा मिनिटे तरी थांबावे लागते. शिवाय जुन्यांमध्ये एकच नवा घटक घुसवला, तर त्यांची चाल जुळत नाही. साऱ्यांना एका पातळीवर आणल्याखेरीज दुरुस्ती टिकत नाही.

घरी करण्याजोगे आहे ते एवढे: मागच्या आसनाजवळ हवा आत घेणारी जाळी असल्यास ती झाडून साफ ठेवावी, लहान बारा व्होल्टची बॅटरी तपासावी, कारण ती दुबळी झाली तरी खोट्या तक्रारी उमटतात, आणि स्कॅनर लावून बिघाडाचा क्रमांक टिपून घ्यावा. नारिंगी रंगाच्या तारेला हात लावू नये.

आमच्या चालकाने अखेर हे काम शिकलेला कारागीर गाठला. त्याने रबरी हातमोजे चढवून पेटी उघडली. थंड हवेचा पंखा धुळीने गच्च भरला होता आणि दोन घटक दुबळे झाले होते. काम तीन दिवस चालले. खर्च नव्या संचाच्या मानाने थोडा आला. उरलेले घटक किती काळ टिकतील याची हमी मात्र त्याने दिली नाही, आणि ते प्रामाणिकपणाचेच झाले.

केंद्र सरकारने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत मोटारीही होत्या. त्याच वर्षीच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. फेकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कोणाच्या तरी दाराशी पडते, हे गोराईकरांना शिकवावे लागत नाही. १९७२ पासून २००७ पर्यंत शहराचा कचरा त्यांच्याच शेजारी पडत होता.

मित्रहो, जुन्या मिस्त्रीजवळ विद्या होती, पण संरक्षण नव्हते. आजच्या वायरमनजवळ धाडस आहे. पण ही विद्या त्याला कोणी दिलेली नाही. त्याला 'हात लावू नकोस' म्हणून सांगणे सोपे आहे. पण तेवढ्यावर थांबलो, तर झाकण कायमचे बंद राहील आणि प्रत्येक चालकाला सारा संच विकत घ्यावा लागेल. ही विद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या वर्गात शिकवली जावी, माहितीपुस्तके मराठीत मिळावीत आणि हातमोजे मालकाच्या खर्चाने यावेत. झाकण उघडावे खरे, पण ते शिकलेल्या आणि सुरक्षित हातांनी.