राष्ट्रीय अपमानाची स्मृती आणि चिनी राष्ट्रवाद : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना :

चीनच्या इतिहासलेखनात इ. स. १८३९ ते १९४९ हा कालखंड 'राष्ट्रीय अपमानाचे शतक' म्हणून ओळखला जातो. या काळातील आघात खरे होते, हे नाकारता येत नाही. तथापि त्यांपैकी कोणत्या आघाताचे स्मरण केव्हा करावयाचे, हे प्रत्येक राजवटीने आपल्या गरजेनुसार ठरविले. प्रस्तुत लेखात या स्मृतीची घडण आणि तीतून संभवणारा आंतरराष्ट्रीय संघर्षाचा धोका यांचा परामर्श घेतला आहे.

अपमानाचा ऐतिहासिक आधार :

इ. स. १८३९ मध्ये लिन त्से-शू या अधिकाऱ्याने परकीय व्यापाऱ्यांकडून जप्त केलेल्या अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या हूमेन येथे नष्ट केल्या. त्यातून उद्भवलेल्या युद्धाची अखेर १८४२ च्या नानकिंग तहाने झाली. या तहान्वये हाँगकाँग ब्रिटनला द्यावे लागले, पाच बंदरे खुली करावी लागली आणि २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर भरावे लागले. या व्यापारातील बहुतांश अफू भारतातून जात असे. माळव्यातील अफूचे प्रमुख निर्यात बंदर मुंबई हे होते. ब्रिटिश फौजेत भारतीय शिपाईही होते. १८६० मध्ये ब्रिटिश व फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळील जुना ग्रीष्मकालीन राजवाडा लुटला व ब्रिटिशांनी तो जाळला. १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने तैवान जपानकडे गेले. १९०१ मध्ये बॉक्सर बंडानंतर ४५ कोटी तैल चांदीची खंडणी लादण्यात आली.

स्मृतीची राजकीय घडण :

जपानच्या 'एकवीस मागण्या' चीनने १९१५ मध्ये बव्हंशी मान्य केल्या. तो ९ मे हा दिवस पुढे 'राष्ट्रीय अपमान दिन' म्हणून पाळला जाऊ लागला. १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत शांतुंग प्रांतातील जर्मनीचे हक्क जपानला देण्यात आले, तेव्हा पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांचा रोष परकीयांपुरता मर्यादित राहिला नाही. जपानधार्जिणा मानल्या गेलेल्या स्वकीय मंत्र्याचे घर त्यांनी पेटवून दिले. अपमानाची स्मृती परक्यांविरुद्ध जागविली तरी तिच्या कसोटीस राज्यकर्त्यांनाही उतरावे लागते, हे ४ मेच्या या चळवळीने स्पष्ट केले.

१९४९ नंतर मात्र चित्र पालटले. माओ त्से-तुंग यांच्या काळात इतिहासाचा भर वर्गसंघर्ष व क्रांतीचा विजय यांवर होता. अपमान दिन मागे पडले. १९८० च्या दशकात हा कल बदलू लागला आणि १९८५ मध्ये नानजिंग येथे हत्याकांडाचे स्मारक उभे राहिले. १९८९ च्या तिआनमेन चौकातील आंदोलनानंतर, वैचारिक शिक्षणाकडील दुर्लक्ष ही आपली सर्वांत मोठी चूक होय, असे डेंग शिआओपिंग यांनी प्रतिपादन केले. १९९४ मध्ये 'देशभक्तिपर शिक्षणा'ची रूपरेषा जाहीर झाली. साम्यवादी विचारावरील श्रद्धा क्षीण होत असताना, देशाला अपमानातून मुक्त करणारा पक्ष ही भूमिका सत्तेच्या अधिमान्यतेचा आधार बनली. २०१४ पासून १३ डिसेंबर हा नानजिंगच्या बळींचा राष्ट्रीय स्मृतिदिन आहे. २०२४ च्या प्रारंभी देशभक्तिपर शिक्षणाचा कायदाही अमलात आला.

संघर्षाचा धोका :

१९९९ मध्ये नाटोच्या हल्ल्यात बेलग्रेड येथील चिनी दूतावासातील तीन पत्रकार ठार झाले व चीनमध्ये तीव्र निदर्शने झाली. २००१ मध्ये हैनान बेटानजीक अमेरिकन टेहळणी विमान व चिनी लढाऊ विमान यांची टक्कर होऊन चिनी वैमानिक मरण पावला. अमेरिकेने दिलेले खेदपत्र चीनने आपल्या जनतेपुढे क्षमायाचना म्हणून मांडले, तर अमेरिकेने ती क्षमायाचना नसल्याचे सांगितले. या संदिग्धतेमुळेच अकरा दिवसांनी २४ विमान कर्मचाऱ्यांची सुटका शक्य झाली. २०१२ मध्ये सेनकाकू (तिआओयू) बेटांच्या वादात शीआन येथे जपानी बनावटीची मोटार चालविणाऱ्या एका चिनी नागरिकालाच जमावाने जबर मारहाण केली. शासनाने अखेर निदर्शने आवरली. म्हणजेच राष्ट्रवादी भावना शासनाच्या नियंत्रणाबाहेरच असते असे नाही; परंतु ती आवरण्याची किंमत शासनाला मोजावी लागते.

तैवानच्या प्रश्नात ही किंमत सर्वाधिक आहे. हाँगकाँग १९९७ मध्ये व मकाव १९९९ मध्ये परत आल्यानंतर, तैवान हे अपमानाच्या शतकाचे अपूर्ण राहिलेले प्रकरण मानले जाते. २००५ च्या फुटीरताविरोधी कायद्याने तेथे बळाच्या वापराची तरतूद केली. ऑगस्ट २०२२ मध्ये नॅन्सी पेलोसी यांच्या भेटीनंतर चीनने तैवानभोवती व्यापक लष्करी कवायती केल्या. दोन्ही बाजूंना अण्वस्त्रसज्ज राष्ट्रे गुंतण्याची शक्यता असलेल्या अशा प्रसंगी माघार घेणे हाच नवा अपमान ठरत असेल, तर तडजोडीस फारसा अवकाश उरत नाही.

समारोप :

अपमानाच्या स्मृतीमुळे युद्ध अटळ ठरते, असा निष्कर्ष काढता येत नाही. २००१ चा प्रसंग त्याच्या विरोधी साक्ष देतो. मात्र ही स्मृती सत्तेच्या अधिमान्यतेशी जितकी घट्ट बांधली जाते, तितका मुत्सद्देगिरीचा वाव कमी होतो. चीनच्या भूमिकेचे आकलन करताना ऐतिहासिक अन्यायाची दखल घेणे आणि त्याच्या राजकीय वापराची चिकित्सा करणे या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. यांपैकी पहिली टाळल्यास चिनी जनतेची भावना समजत नाही. दुसरी टाळल्यास १९१९ च्या विद्यार्थ्यांनी आपल्याच सरकारला जो जाब विचारला, त्याचे भय आजच्या राज्यकर्त्यांनाही का वाटावे, हे उमगत नाही.