रस्त्यावरच्या रुग्णाचे बिल कोणी भरले?

मी सरकारी कारकून. कुठलेही चांगले काम दिसले की माझा पहिला प्रश्न, पैसे कुठल्या 'हेड'खाली आले? रस्त्यावरचे मनोरुग्ण आणि व्यसनी माणसे यांच्या उपचारांचा इतिहासही मी असाच वाचला.

१९१२च्या इंडियन लुनसी अ‍ॅक्टप्रमाणे अशा भटक्या माणसाला पोलिसाने पकडून मॅजिस्ट्रेटसमोर उभे करायचे. सारा रोख बंदोबस्तावर. (आमच्या गोव्यात तेव्हा पोर्तुगीज, म्हणून हा कायदा इकडे नव्हता.)

१९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. अनिल अवचटांचे 'गर्द'वरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये दिले, जागा येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मिळाली. म्हणजे जागा सरकारची, पैसा लेखकाचा!

१९८८ साली मुंबईत डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी 'श्रद्धा' संस्था काढली. नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण त्यांनी दवाखान्यात आणला. बरा झाल्यावर कळले, तो पदवीधर होता आणि वडील आंध्रात जिल्हा परिषदेत अधिकारी. आमच्याच जातकुळीचे घर, हे वाचून मी थबकलो. पुढे जे. जे.चे एक कलाशिक्षक असेच रस्त्यावर सापडले. तेव्हा चित्रकारांनी आपली चित्रे देऊन प्रदर्शन भरवले आणि त्या पैशातून दहिसरचे केंद्र उभे राहिले. २००६ मध्ये कर्जतचे केंद्र झाले. २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे मिळाले.

सरकारचा कागद बदलला तो २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने. बेघर, निराधार रुग्णाला सरकारी उपचार मोफत. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाकडे कार्ड नसले तरी चालेल, असेही त्यात लिहिले आहे. कार्डावाचून फाईल पुढे सरकत नाही हे रोज पाहणाऱ्याला या ओळीची किंमत कळते.

पण मित्रहो, उपचार इस्पितळाच्या दारात संपत नाहीत. समजा, कर्जतला बरा झालेला माणूस तेलंगणात आदिलाबादकडच्या खेड्यात पोचवायचा आहे. जायची दोन तिकिटे, सोबत्याच्या परतीचे एक, तेलुगू बोलणारा कार्यकर्ता आणि गावात महिनोन् महिने गोळ्या. गोळ्या तुटल्या की तो पुन्हा रस्त्यावर येण्याची भीती. हा खर्च चित्रकारांनी आणि लेखकांनी किती दिवस उचलायचा? त्याला बजेटात स्वतःचे 'हेड' हवे.