अडसर आतून, कडी बाहेरून

सांगलीच्या माणसाला किल्ला बघायचा म्हटलं की तो पन्हाळ्याला जातो, फार तर साताऱ्याला. आपल्या गावातच एक किल्ला आहे, आपण रोज त्याच्या पोटातून स्कूटर घालतो, हे त्याच्या ध्यानातही नसतं. मीही त्यातलाच. त्यामुळे ‘एका दिवसात किल्ला, राजवाडा, समाधी आणि जुनं शहर, सोबत माहितगार’ अशी सहल निघतेय म्हटल्यावर नाव दिलं ते साताऱ्यासाठी. परत येताना आपलाच गाव नव्यानं बघावा लागेल असं वाटलं नव्हतं.

पहाटे साडेपाचला मिनीबस आयर्विन पुलावरून इस्लामपूरच्या रस्त्याला लागली. वीस-बावीस माणसं. दोन शिक्षक, एक निवृत्त बँकवाले काका, तीन आज्या आणि सहावी-सातवीतली चार पोरं. माहिती सांगायला एक निवृत्त इतिहासाचे शिक्षक होते. सगळे त्यांना सरच म्हणत होते, इथेही तेच म्हणतो. कऱ्हाडला चहा झाला तोवर सर एक अक्षर बोलले नव्हते. आज्यांना काळजी वाटायला लागली की पैसे फुकट गेले.

अजिंक्यताऱ्यावर गाडी जवळजवळ दरवाज्यापर्यंत जाते. दोन भले थोरले बुरूज आणि मध्ये दरवाजा. सगळ्यांचे मोबाईल बाहेर निघाले. सरांनी मात्र पोरांना दरवाज्याच्या आत नेलं आणि भिंतीतलं एक चौकोनी भोक दाखवलं. “हात घाल,” म्हणाले. पोराचा हात खांद्यापर्यंत आत गेला. “ही अडसराची खोबण. दार लावलं की इथून लाकडाचा ओंडका ओढायचा, तो पलीकडच्या भिंतीत जाऊन बसायचा. आता सांगा, अडसर आतल्या बाजूला का?”

“शत्रू बाहेर असतो म्हणून,” पोरं एका सुरात म्हणाली.

“बरोबर. हे डोक्यात ठेवा,” एवढंच बोलून सर पुढे चालू लागले.

मंगळाईच्या बुरुजाकडे जाताना त्यांनी १७००चा वेढा सांगितला, आणि तो त्यांना सांगता येत होता. डिसेंबर १६९९मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याखाली येऊन बसला. गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू. चार महिने काही साधेना, तेव्हा मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. एप्रिलमध्ये पहिला सुरुंग उडाला तसा तट आतल्या बाजूला कोसळला आणि खुद्द प्रयागजी ढिगाऱ्याखाली गेले. लोकांनी त्यांना जिवंत उकरून काढलं. दुसऱ्या सुरुंगाचं उलटं झालं. तट बाहेर पडला तो खाली चढाईसाठी दबा धरून बसलेल्या मोगली फौजेवरच. दोनेक हजार माणूस त्यात मेलं असं सांगतात. तरीही आठवडाभरात किल्ला द्यावा लागला. दाणागोटा संपत आलेला, मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारलेले. बादशहानं किल्ल्याला मुलाच्या नावावरून आझमतारा म्हटलं. पुढे ताराबाईंच्या माणसांनी तो परत घेतला आणि नाव झालं अजिंक्यतारा.

इथे बहुतेक सहली टाळ्या वाजवून खाली उतरतात. आमचीही उतरली असती. एका पोरानं विचारलं, “मग त्यानंतर तो कुणालाच जिंकता आला नाही?”

सर थोडे घुटमळले. मग म्हणाले, “जिंकायची गरज पडली नाही. आतूनच उघडला.”

शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून १७०७ साली सुटून आले आणि त्यांनी साताऱ्यावर हक्क सांगितला. किल्ला ताराबाईंच्या बाजूनं परशुराम त्रिंबक प्रतिनिधी धरून होते. ते काही दार उघडेनात. गडावरच्या शिपायांचा अंमलदार होता शेख मिरा, आणि त्याची बायकामुलं वाईत. ग्रँट डफनं लिहून ठेवलंय की शाहूंनी ती ताब्यात घेतली आणि किल्ला दिला नाही तर त्यांना तोफेच्या तोंडी देऊ असा निरोप वर पाठवला. शेख मिरानं प्रतिनिधींनाच कैद केलं आणि दार उघडलं. औरंगजेबाच्या सुरुंगांपुढे चार महिने टिकलेलं दार एका बापानं काढलं. जानेवारी १७०८मध्ये शाहूंचा राज्याभिषेक झाला आणि डोंगराच्या पायथ्याशी आजचं सातारा वाढू लागलं.

बँकवाले काका जरा अस्वस्थ झाले. “सर, लहान मुलं आहेत,” असं हळूच म्हणाले. सर हसले आणि आम्हाला ताराबाईंच्या वाड्याकडे घेऊन गेले. आता तिथे पडक्या भिंती आणि गवत याखेरीज फारसं काही नाही. त्यांना जे सांगायचं होतं ते मात्र तिथेच होतं.

राजाराम महाराज गेले तेव्हा ताराबाई पंचविशीच्या. सात वर्षं त्यांनी औरंगजेबाला दख्खनभर दमवलं, हे पाठ्यपुस्तकात असतं. पुस्तक तिथे थांबतं. बाई त्यानंतर चौपन्न वर्षं जगल्या. १७१४ साली पन्हाळ्यावर सवत राजसबाईंनी त्यांना मुलासकट कैदेत टाकलं. मुलगा त्या कैदेतच गेला. पुढे शाहू आणि कोल्हापूरकर संभाजी यांचं वारणेकाठी युद्ध झालं, ताराबाई शाहूंच्या हाती लागल्या. १७३१मध्ये तह होऊन वारणा ही दोन राज्यांची हद्द ठरली, आणि आजही सांगली-कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द बरीचशी तीच आहे. ताराबाई कोल्हापूरला परतल्या नाहीत, साताऱ्यातच राहिल्या. मान होता आणि पहाराही होता. ज्या किल्ल्याला आपल्या राज्यात अजिंक्य नाव मिळालं, त्याच किल्ल्यावर नजरकैद.

डिसेंबर १७४९मध्ये शाहू वारले. त्यांना मुलगा नव्हता. ताराबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की आपला नातू लपवून वाढवलेला आहे. तो रामराजा गादीवर आला. बाईंची अपेक्षा होती की त्यानं पेशव्यांना दूर सारावं. ते त्याच्याच्यानं होईना. नोव्हेंबर १७५०मध्ये, पेशवे नानासाहेब निजामाच्या मुलखात गुंतलेले असताना, चंपाषष्ठीच्या निमित्तानं त्यांनी नातवाला गडावर बोलावलं. तो खाली उतरायला निघाला तेव्हा दार बंद होतं.

आमच्यातल्या एका आजींच्या तोंडून निघून गेलं, “अगं बाई! स्वतःच्या नातवाला?”

पुढची गोष्ट जास्त विचित्र आहे. दमाजी गायकवाड ताराबाईंच्या मदतीला गुजरातेतून आले, वेण्णेकाठी त्यांचा मोड झाला. तरी पेशव्यांना गड काही मिळेना. शेवटी १७५२मध्ये तडजोड झाली आणि जेजुरीला खंडोबासमोर बाईंनी शपथ घेतली की रामराजा आपला नातू नाहीच. खरं काय ते इतिहासकार अजून ठरवतायत. मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो हा, की नातू असो वा नसो, त्याला बाहेर काढायची घाई कुणालाच नव्हती. छत्रपती वर कोंडलेला असणं पेशव्यांनाही सोयीचंच होतं. ताराबाई १७६१च्या अखेरीस, पानिपतची बातमी ऐकून, गेल्या. बंदोबस्त सैल झाला तो त्यानंतर, थोरल्या माधवरावांच्या काळात. आणि तोही सैलच, मोकळा नव्हे.

“आता सांगा,” सर पोरांना म्हणाले, “इथला अडसर कुणासाठी?”

कुणीच बोललं नाही. काका मात्र सरळ म्हणाले, “सर, आम्ही मुलांना स्फूर्ती मिळावी म्हणून आणलंय. हे भाऊबंदकीचं कशाला?” सर म्हणाले, “वेढासुद्धा सांगितला ना मी?” विषय तिथे मिटला नाही. काका दुपारपर्यंत गप्प होते. मला त्यांचं सगळंच चुकतं असं वाटत नव्हतं. भाऊबंदकी हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यात कोण कुणाला कशासाठी कोंडत होतं हे बघायची गरजच उरत नाही. सरांचा रोख बहुधा त्याच्यावरच होता, पण त्यांनी तसं म्हटलं नाही.

जेवण उरकून गावात उतरलो. जुन्या साताऱ्याला वारांच्या पेठा आहेत, यादोगोपाळ पेठ आहे, चिमणपुरा आहे, मोती चौक आहे. चढ-उतारांनी आज्यांचे गुडघे बोलायला लागले. कंदी पेढ्यांसाठी अर्धा तास गेला. तो गेला नसता तर माहुलीला उजेड जास्त मिळाला असता, पण पेढ्यांपुढे कुणाचं चालतं?

राजवाडा. प्रतापसिंह महाराजांच्या काळातल्या या जुन्या वाड्याबद्दल बोलताना सर आधी वासोट्याला गेले. १८१७ला इंग्रजांशी लढाई जुंपली तेव्हा दुसऱ्या बाजीरावानं छत्रपतींच्या घरच्यांना कोयनेच्या जंगलातल्या वासोट्यावर डांबलं होतं. पुढे राजाला त्यानं बरोबर फिरवलं, आणि फेब्रुवारी १८१८मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले तेव्हा प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवलं. साताऱ्याच्या रेसिडेंटच्या जागेवर तेव्हा होता तोच ग्रँट डफ. प्रतापसिंहांनी शहराला रस्ते दिले, पाणी दिलं, शाळा काढली. पण तहातली कलमं ते मनापासून वाचत आणि इंग्रजांनीही ती पाळावीत असं म्हणत, ही त्यांची चूक झाली. पोर्तुगीजांशी संधान आणि शिपायांना फितवणं असे आरोप ठेवले गेले. गव्हर्नर कार्नाक म्हणाला, कबुलीवर सही करा, राज्य राहील. त्यांनी सही केली नाही. सप्टेंबर १८३९मध्ये पहाटे पालखीत घालून त्यांना बाहेर काढलं, पुढे काशीला नेलं, तिथेच १८४७ला ते गेले. रंगो बापूजी त्यांची बाजू मांडायला लंडनमध्ये चौदा वर्षं हेलपाटे घालत राहिले. तोवर, १८४८ला धाकटे भाऊ आप्पासाहेब वारताच, डलहौसीनं दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं होतं.

वासोट्यावर स्वकीयांची कैद, काशीला परक्यांची. मधली एकवीस वर्षं तेवढी मोकळी.

याच वाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरू लागलं, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथे एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरात १९१४ क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’. राज्यात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बाबासाहेबांनी आपल्या लहानपणीच्या शाळेबद्दल लिहिलंय की इतर मुलांत बसता येत नसे, कोपऱ्यात वेगळं बसायचं, आणि बसायचं गोणपाटही स्वतःचं. आमच्यातलं सकाळी खोबणीत हात घातलेलं पोर राजवाड्याच्या दाराशी बराच वेळ खोबण शोधत होतं.

संगम माहुलीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर शाहूंची समाधी आहे, त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही आहे, आणि ताराबाईंचीही. कुत्र्याच्या समाधीजवळ सगळ्यांनी फोटो काढले. ताराबाईंच्या समाधीकडे आजी एकट्याच गेल्या आणि पिशवीतली दोन फुलं ठेवून आल्या. “नातवाला कोंडलं ते वाईटच,” म्हणाल्या, “पण तिलाबी कुणी कमी कोंडलं न्हाई.”

परतीच्या वाटेवर बस झोपली. इस्लामपूर सोडल्यावर सर उठून उभे राहिले. १७९८ साली दुसऱ्या शाहूंनी सातारचा किल्ला ताब्यात घेऊन डोकं वर काढलं, तेव्हा त्यांना परत कोंडायला पुण्याहून धाडले गेले ते परशुरामभाऊ पटवर्धन, तासगावचे. गंमत अशी की या कामासाठी भाऊंना आधी स्वतःला कैदेतून सोडवावं लागलं. त्याच घराण्यातले चिंतामणराव आप्पासाहेब नंतर मिरजेतून वेगळे झाले आणि १८०१च्या सुमारास कृष्णाकाठच्या एका खेड्यात राजधानी करून बसले. ती सांगली. त्यांनी गणपतीचं देऊळ बांधलं, १८४३मध्ये त्यांच्याच आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. आणि राहायला बांधला गणेशदुर्ग, खंदक असलेला भुईकोट.

“म्हणजे आपला राजवाडा?” काका एकदम जागे झाले.

आठ वाजले होते, पण सरांनी बस तिथेच थांबवायला लावली. कोर्ट-कचेऱ्या नांदलेला परिसर, रिक्षा, वडापावच्या गाड्या, आणि या सगळ्यात किल्ल्यातलाच तुरुंग. २४ जुलै १९४३ला भरदिवसा वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या, तटावर चढले आणि पावसाच्या पाण्यानं भरलेल्या खंदकात उड्या टाकल्या. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. दादांच्या खांद्यात गोळी घुसली, ते पकडले गेले. चौतीस वर्षांनी ते मुख्यमंत्री झाले.

ही गोष्ट काकांना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली माहीत होती. त्यांचे वडील त्या दिवशी गावात होते. सरांना बाजूला सारून तेच सांगायला लागले. गोळीबाराचा आवाज, पटापट बंद झालेली दुकानं, चढलेली कृष्णा. सर मागे होऊन ऐकत राहिले. काकांचं संपल्यावर पोरानं विचारलं, “खंदक कुठाय?”

काकांनी अंधारात हात केला. तिकडे ओळीनं दुचाकी लावलेल्या होत्या.