सूर्याच्या वाटेवरील सहप्रवासी

सेमिनरीत लॅटिनचे धडे गिरवताना 'इतेर' हा शब्द आम्ही पाठ केला होता. अर्थ : वाट, प्रवास. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराश येथे उभ्या राहणाऱ्या अणुसंमीलन भट्टीला हेच नाव दिल्याचे वाचले, तेव्हा जुना धडा नव्याने उमगला.

सूर्य तेजाळतो तो हायड्रोजनच्या संमीलनाने. ही ऊर्जा दोन दशकांत मानवाच्या हाती येईल, असे भाकीत १९५५ साली जिनिव्हा येथील अणुपरिषदेचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा यांनी केले होते. परंतु तेव्हा प्रत्येक राष्ट्राने हे संशोधन कुलूपबंद ठेवले होते. १९५६ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ इगोर कुर्चातोव्ह यांनी इंग्लंडातील हारवेल येथे आपल्या देशाचे प्रयोग उघडपणे सांगितले आणि पहिले दार किलकिले झाले.

१९६८ मध्ये 'टोकामाक' यंत्रात आपण विलक्षण तापमान गाठल्याचे रशियनांनी जाहीर केले. पाश्चात्त्यांना ते खरे वाटेना. तेव्हा १९६९ मध्ये कलहॅमचे ब्रिटिश शास्त्रज्ञ आपली लेसर उपकरणे घेऊन मॉस्कोत गेले. आदल्याच वर्षी प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले होते! पाहुण्यांनी मोजणी केली आणि यजमानांचा दावा खरा असल्याची ग्वाही जगाला दिली.

या विश्वासाच्या पायावरच १९८५ मध्ये जिनिव्हात रेगन व गोर्बाचेव्ह यांनी संयुक्त प्रयत्नांचा पुरस्कार केला. पुढची वाट सरळ नव्हती. अमेरिका मध्येच बाहेर पडली, २००३ मध्ये परतली. जागेवरून जपान व युरोप यांच्यात चाललेली ओढाताण २००५ मध्ये मिटली. त्याच वर्षी भारत सामील झाला. २१ नोव्हेंबर २००६ रोजी पॅरिसमध्ये सात सदस्यांनी करारावर सह्या केल्या. भट्टीला वेढणारे सुमारे ३,८०० टनांचे पोलादी पात्र भारताच्या वाट्याला आले. त्याचे भाग गुजरातेत हजिरा येथे घडले. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध भडकल्यावरही रशिया या प्रकल्पातून बाहेर पडला नाही.

५० मेगावॅट उष्णता देऊन ५०० मेगावॅट मिळवणे हे उद्दिष्ट आहे. मात्र २०२४ मध्ये जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार प्रयोगांचा आरंभ २०३४ मध्ये, तर खऱ्या इंधनाचा वापर २०३९ मध्ये व्हायचा आहे. खर्च व विलंब यांवरची टीका अनाठायी नाही. भाभांची दोन दशके केव्हाच सरली.

तरीही आम्हांस मॉस्कोची ती प्रयोगशाळा आठवते. शंका घेणाऱ्यालाच घरात बोलावून 'तुम्हीच मोजा' म्हणणे, आणि मोजल्यावर प्रतिस्पर्ध्याचे खरे ते खरे म्हणणे, हे दोन्ही बाजूंना साधले. सूर्य हाती येईल तेव्हा येवो. वाट तर तिथेच सुरू झाली.