मर्ढेकरांची ‘परकी’ दुर्बोधता

बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांच्या नवकाव्यातील दुर्बोधता ही एलियटप्रभृती कवींच्या अनुकरणाची निष्पत्ती होय, असे एक टीकामत रूढ आहे. एलियटचा परिचय मर्ढेकरांना होता, हे कोणी नाकारीत नाही. परंतु इंग्लंडहून परतल्यानंतर प्रसिद्ध झालेला ‘शिशिरागम’ (१९३९) बालकवी व माधव जूलियन यांच्याच वळणाचा आहे. पालट दिसतो तो ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात. मध्ये महायुद्ध होऊन गेले होते.

आणि त्यातील अनेक कवितांचा छंद कोणता? अभंग व ओवी! शब्दही पुष्कळदा नित्य व्यवहारातले, यंत्रयुगातले. वाचक अडतो तो शब्दाशी नव्हे, शब्दांच्या शेजाराशी. संतवाणीने पावन केलेल्या चरणात यंत्र येऊन बसते, हा धक्का मराठी कानालाच जाणवणारा आहे.