आस्था आणि तिची किंमत : प्रस्तावना

पर्यावरणाची मला काही पडलेली नाही, असे उघडपणे म्हणणारा माणूस विरळाच. तरीही भाजीला जाताना आठवणीने कापडी पिशवी नेणारे गृहस्थ कचेरीत एकट्यानेच मोटार घेऊन जातात, आणि ओला-सुका कचरा निगुतीने वेगळा करणाऱ्या घरात एसी रात्रभर चालू असतो. ही विसंगती दिसली की दांभिकपणाचा शिक्का मारून आपण मोकळे होतो. या विषयात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाला माझी पहिली विनंती अशी, की तो शिक्का तूर्त बाजूला ठेवावा.

माणूस सांगतो एक आणि वागतो दुसरे, हा प्रश्न पर्यावरणाच्या चर्चेहून जुना आहे. रिचर्ड लापिएर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1934 मध्येच तो ठळकपणे मांडला होता. एका चिनी दांपत्याबरोबर प्रवास करताना अडीचशेहून अधिक हॉटेले-उपाहारगृहांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी पाहुण्यांना घेणार नाही असे कळवले. अभिवृत्तीवरून वर्तनाचा अंदाज बांधता येतो, या विश्वासाला तिथे तडा गेला.

पर्यावरणाच्या क्षेत्रात या प्रश्नाला नेमके रूप दिले ते आंद्रेआस डीकमन आणि पीटर प्रायझेनडोर्फर या समाजशास्त्रज्ञांनी. म्युनिक आणि बर्न येथील रहिवाशांच्या पाहणीत त्यांना असे आढळले, की पर्यावरणाची आस्था खरेदीत आणि कचरा वेगळा करण्यात दिसते, पण ऊर्जेच्या वापरात आणि प्रवासात तिचा प्रभाव फारसा उरत नाही. यावरून त्यांनी ‘अल्प किमतीचे गृहीतक’ मांडले : कृती जितकी स्वस्त, तितकी आस्था प्रभावी. ही किंमत केवळ पैशांची नाही. वेळ, दगदग, गैरसोय आणि मोडावी लागणारी सवय, हे सगळे तिच्यात येते.

गृहीतक सुटसुटीत आहे, म्हणून ते शेवटचा शब्द ठरत नाही. व्हर्जिनियातील फेअरफॅक्स परगण्यात पुनर्वापराच्या कचऱ्यासाठी काही घरांना डबे मिळाले होते, काहींना नाही. ग्वान्यानो, स्टर्न आणि डिट्झ या संशोधकांनी 1995 मध्ये या घरांची तुलना प्रसिद्ध केली. डबा नसलेल्या घरांत जबाबदारीची जाणीव वर्तनाशी जोडलेली दिसली. डबा असलेल्या घरांत तो संबंध क्षीण झाला. म्हणजे कृती फारच सोपी झाली, तर आस्थेची गरजच कमी होते. मानसशास्त्रज्ञ फ्लोरियान कायझर यांची मांडणी आणखी वेगळी आहे : माणूस किती अवघड कृती पार पाडतो, हेच त्याच्या आस्थेचे माप. हा वाद पांडित्याचा नाही. लोकांची मने वळवायची की वाट सोपी करायची, याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे.

स्टॉकहोमचा अनुभव इथे मोलाचा आहे. 2006 च्या जानेवारीत शहराच्या मध्यभागी येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारींवर प्रायोगिक शुल्क लागू झाले, तेव्हा जनमत विरोधात होते. वाहतूक सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली. सप्टेंबरच्या सार्वमतात शहरातील बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि 2007 पासून ते कायम झाले. किंमत आधी बदलली, मत मागाहून.

मराठी अभ्यासकासमोर तर मोठे रान मोकळे आहे. महाराष्ट्रात 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदी आली. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदार जाऊन कचरा गोळा करते. पिशवीवर दंड बसला म्हणून काय बदलले? कचरा नेणाऱ्या ताई ओळखीच्या झाल्याने काय बदलले? आणि कचरा वेगळा करण्याची दगदग घरात नेमकी कोणाच्या वाट्याला येते? बसथांब्यावर, सोसायटीच्या बैठकीत आणि स्वयंपाकघरात बसून हे प्रश्न विचारायला हवेत.

एकट्या माणसाची आस्था महागड्या कृतीपुढे अनेकदा हरते, हे मान्य करूनही मी ती निरर्थक मानत नाही. तीच आस्था मतदान करते, नगरसेवकाला जाब विचारते, चांगली बससेवा मागते. उद्या योग्य वागणे सगळ्यांना परवडावे यासाठी आज आग्रह धरणे, हे तिचे सर्वांत मोठे काम आहे. त्या आग्रहाला पुराव्याचे बळ मिळावे, म्हणून या अभ्यासात आपले मनापासून स्वागत.