सहीची बांधिलकी

नामांतराच्या चळवळीत मी किती निवेदनांवर सह्या केल्या, ह्याची मोजदाद माझ्याजवळ नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमची घरे पेटली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत जवळजवळ सोळा वर्षे गेली. माणसाचे नाव, गावाचे नाव, विद्यापीठाचे नाव ही नुसती अक्षरे नसतात, त्यांच्यामागे सत्ता उभी असते, हे त्या वर्षांनी आमच्या पिढीला शिकविले. असे असूनही एका कागदावर मी सही केली नाही. प्रस्तुत लेखाला तो कागद कारण आहे.

१९८२ साल होते. मी मराठवाड्यातल्या एका वसतिगृहात राहत होतो. आमच्या शेजारच्या खोलीत एक मातंग विद्यार्थी होता. गळा गोड. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात भीमगीते म्हणायला त्याच्याशिवाय कोणी नसे. एके दिवशी त्याच्या वहीत एका मुलाला लिहिलेले पत्र सापडले. संध्याकाळपर्यंत ते पत्र सगळ्या वसतिगृहाने वाचले होते. रात्री त्याची वळकटी आणि पत्र्याची पेटी व्हरांड्यात येऊन पडली. ज्यांनी ती फेकली ते सगळेच सवर्ण नव्हते. हे लिहिताना हात अडखळतो, पण खरे आहे ते लिहिलेच पाहिजे.

आमच्यातल्या एकाने रेक्टरच्या नावे अर्ज लिहिला. ह्या विद्यार्थ्याला वसतिगृहातून काढू नये, एवढीच मागणी. अर्जावर पाच जणांच्या सह्या हव्या होत्या, दोन झाल्या. कागद माझ्यापुढे आला तेव्हा मी म्हणालो, "हा आपला प्रश्न नाही." मनात मात्र वेगळेच होते. सही केली तर उद्या लोक म्हणतील, हाही तसलाच. मुलगा दोन दिवसांत गेला. त्याचे शिक्षण तिथेच संपले.

पोलिसांच्या लाठीला न भिणारा मी एका शब्दाला भ्यालो. ही भीती कोणी पेरली आणि ती मोडायची कशी, ह्याचा विचार करताना मला पुढे अनेक वर्षांनी एक इतिहास वाचायला मिळाला. तो ज्या ठिकाणी घडला ते ठिकाण आपल्याला अपरिचित नाही.

न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. १९१३ च्या जुलैत बाबासाहेब तेथे पोहोचले. आरंभी ते हार्टली हॉल ह्या वसतिगृहात राहिले. तेथे त्यांना प्रथमच समानतेने जगण्याचा अनुभव आला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहात पन्नास वर्षांनंतर एका विद्यार्थ्याला बहिष्काराची चव चाखावी लागली. रॉबर्ट मार्टिन हे त्याचे नाव. १९६५ साली तो तेथे शिकायला आला. आपल्याला स्त्री आणि पुरुष दोघांविषयीही ओढ वाटते, हे त्याने लपविले नाही. सोबत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचे सान्निध्य नको झाले आणि त्याला वेगळ्या खोलीत जावे लागले. खाणावळीत वेगळे ताट आणि खोलीत वेगळी खाट ह्यांचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मार्टिन रडत बसला नाही. १९६६ च्या उत्तरार्धात त्याने समविचारी विद्यार्थी गोळा केले आणि स्टुडंट होमोफाइल लीग ह्या संघटनेची जुळवाजुळव केली. समलैंगिकांना इतरांच्या बरोबरीने जगता यावे, हा तिचा हेतू. त्याने स्वतः स्टीफन डोनाल्डसन असे टोपणनाव घेतले. कारण त्या काळी न्यूयॉर्क राज्यात समलैंगिक संबंध गुन्हा होता. नाव उघड झाले तर शिक्षण, नोकरी, घर सगळेच जाण्याची भीती. आणि इथेच पेच पडला. विद्यापीठाचा नियम असा की मान्यता हवी असेल तर सभासदांची यादी द्या. नावे दिली तर माणसे उद्ध्वस्त होतात, नावे दिली नाहीत तर संघटना उभी राहत नाही. कोणत्याही दडपलेल्या समूहापुढे कायदा असाच उभा असतो. दार उघडे आहे असे तो म्हणतो आणि उंबऱ्यावर अशी अट ठेवतो की आत कोणी येऊच नये.

हा पेच सुटला तो दुसऱ्यांच्या सह्यांनी. डोनाल्डसन विद्यापीठातल्या नामवंत विद्यार्थी पुढाऱ्यांकडे गेला आणि त्यांनी संघटनेचे नाममात्र सभासद म्हणून आपली नावे दिली. ज्यांना लपायचे कारण होते त्यांना त्यामुळे लपता आले. ज्यांना कारण नव्हते ते पुढे उभे राहिले. विद्यापीठाचे धर्मोपदेशक जॉन कॅनन ह्यांनीही साहाय्य केले. १९ एप्रिल १९६७ रोजी कोलंबियाने संघटनेला मान्यता दिली. समलैंगिक विद्यार्थ्यांच्या संघटनेला विद्यापीठाची अशी मान्यता मिळण्याची ही अमेरिकेतली पहिली घटना होय. ३ मे रोजी न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी छापली आणि टीकेचे वादळ उठले.

ज्या स्टोनवॉलच्या उठावापासून हा इतिहास सुरू झाला असे सर्रास सांगितले जाते, तो जून १९६९ चा. म्हणजे ही घटना त्याच्या दोन वर्षे आधीची. रस्त्यावरच्या उठावापूर्वी कुठेतरी एका खोलीत चार माणसे बसलेली असतात, कागद लिहीत असतात, सह्या मागत हिंडत असतात. चवदार तळ्याच्या सत्याग्रहामागेही बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम होते. हे खोलीतले काम इतिहासात येत नाही.

त्यापुढचा भाग कार्यकर्त्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा. १९६८ च्या एप्रिलमध्ये कोलंबियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात समलैंगिकतेवर चर्चासत्र झाले. बोलणारे सगळे डॉक्टर. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्यातला एकही व्यासपीठावर नाही. संघटनेने तेथे निदर्शने केली. अस्पृश्यता निवारणाच्या परिषदा भरवून अस्पृश्यांना श्रोत्यांत बसविणारे पुढारी आपणही पाहिले आहेत. आपल्यावर बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा रोग नव्हे असे डिसेंबर १९७३ मध्ये मान्य केले. हे शहाणपण त्यांना आपोआप सुचले नाही. ते त्यांच्या दारात जाऊन सुचवावे लागले.

संघटना पसरत गेली. १९६८ साली कॉर्नेल विद्यापीठात शाखा निघाली, तेथे युद्धविरोधी कॅथलिक धर्मगुरू डॅनियल बेरिगन ह्यांनी सल्लागार म्हणून नाव दिले. पुन्हा नावच. १९७० नंतर कोलंबियाच्या अर्ल हॉल ह्या इमारतीत विद्यार्थी दर महिन्याला नृत्यसंध्या भरवू लागले. तिकिटे फाडणे, खुर्च्या लावणे, दारावर उभे राहणे ही सारी कामे विद्यार्थीच करीत. नाचगाण्यात कसली चळवळ, असे कोणी विचारील. ज्या माणसाला दिवसभर मुखवटा घालून वावरावे लागते त्याला महिन्यातून एक रात्र तो उतरवता येणे ही चळवळच आहे. आंबेडकरी जलशांनी आपल्यासाठी वेगळे काय केले? ह्या अर्ल हॉलची नोंद २०१८ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. फर्नाल्ड हॉल हे वसतिगृह बाबासाहेब तेथे पोहोचले त्याच साली उघडले होते. त्यातल्या एका बैठकीच्या खोलीला १९९६ साली डोनाल्डसनच्या मृत्यूनंतर त्याचे नाव देण्यात आले. ज्याला खोलीतून बाहेर पडावे लागले त्याच्या नावाची खोली झाली. नामांतराचा अर्थ ह्याहून वेगळा काय असतो?

आता आपल्याकडचा प्रश्न. आमचे काही मित्र म्हणतात की हे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचे चोचले आहेत. अत्याचार, जमीन, राखीव जागा हे आपले प्रश्न. ह्या मित्रांना मी बाबासाहेबांकडेच नेतो. ९ मे १९१६ रोजी ह्याच कोलंबियात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जातीचे मूळ त्यांनी कशात दाखविले? जातीअंतर्गत विवाहात. कोणी कोणाशी संबंध ठेवावा ह्यावर पहारा बसविल्याशिवाय जात टिकत नाही. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्या पहाऱ्याची हत्यारे. म्हणजे माणसाच्या शरीरावर आणि मनाच्या ओढीवर समाजाने मालकी सांगणे हा जातीचा पाया आहे. जो मुलगा मुलावर प्रेम करतो किंवा जी मुलगी मुलीवर, ते ह्या पहाऱ्याच्या चौकटीत बसत नाहीत. म्हणून त्यांच्यावर जी काठी उगारली जाते ती आंतरजातीय लग्न करणाऱ्यावर उगारली जाणारीच काठी आहे.

आणखी एक घटना. १९३४ साली र. धों. कर्वे ह्यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुरावरून अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली होती. समलिंगी संबंधांचा विषयही त्यांत होता. कर्व्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. परंतु देशभरच्या अस्पृश्यांचे नेतृत्व अंगावर असताना, ज्यात ना पैसा ना लोकप्रियता असा हा खटला बाबासाहेबांनी 'हा आपला प्रश्न नाही' असे म्हणून परत पाठविला नाही. ते वाक्य माझे होते, बाबासाहेबांचे नव्हे.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्माला आली तेव्हा आम्ही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले. त्या ब्लॅक पँथरचे पुढारी ह्यूई न्यूटन ह्यांनी १५ ऑगस्ट १९७० रोजी आपल्या कार्यकर्त्यांना उद्देशून स्त्रीमुक्ती आणि समलैंगिकांची मुक्ती ह्यांविषयी एक निवेदन केले होते. आपल्या मनातले भय ओळखा, ह्या माणसांना मित्र माना, त्यांच्यावरून शिव्या देणे सोडा, असा त्याचा आशय. आम्ही पँथरचा आवेश घेतला, हे आत्मपरीक्षण घेतले नाही. आमच्या सभांत 'बायल्या' आणि 'हिजडा' हे शब्द शत्रूला मारण्यासाठी वापरले गेले. ते ऐकणाऱ्यांत आमचाच कोणी भाऊ बसलेला असेल हे आमच्या ध्यानी आले नाही.

भारतातल्या लढ्याचा वृत्तान्त थोडक्यात असा. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ चा फास सैल केला तेव्हा निकालपत्राने बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणातील संविधानिक नीतीचा आधार घेतला. लोकांची नीती आणि संविधानाची नीती ह्यांत झगडा झाला तर संविधान श्रेष्ठ. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. १५ एप्रिल २०१४ ला त्याच न्यायालयाने तृतीयपंथीयांचे हक्क मान्य केले. मे २०१८ मध्ये आय.आय.टी.चे वीस आजी-माजी विद्यार्थी कलम ३७७ विरुद्ध याचिका घेऊन न्यायालयात गेले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने परस्परसंमतीने राहणाऱ्या प्रौढांना त्या कलमातून मुक्त केले. विवाहाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने दिला नाही. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ठाऊक करून घ्यावी. २०१६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती केली; तीत जात आणि लैंगिक कल ह्या दोन्हींवरून होणारा छळ एकाच कलमात घातला आहे. १९८२ साली असा कागद रेक्टरपुढे ठेवता आला असता तर!

ह्याचा अर्थ त्या चळवळीत जात नाही असा नव्हे. २०१५ साली मुंबईतल्या एका आईने आपल्या मुलासाठी नवरा हवा अशी वृत्तपत्रात जाहिरात दिली. धाडसाचे कौतुक झाले. परंतु त्याच जाहिरातीत आपल्या पोटजातीला पसंती होती. जे मंडळ इंग्रजीत बोलते, ज्याच्या बैठका महागड्या कॉफीच्या दुकानात भरतात, तिथे आमच्या वस्तीतला मुलगा दारातूनच परततो. त्याच वर्षी दिल्लीच्या प्राइड मोर्चात दलित तरुणांनी हा सवाल उघडपणे विचारला. घरी जात सोसायची, वस्तीत लैंगिकता लपवायची आणि त्या मंडळात गेले की पुन्हा आडनाव लपवायचे! दोन नावे लपविणाऱ्या माणसाला दोन्ही चळवळींनी जागा दिली पाहिजे. श्रीमंताच्या मुलाला घराबाहेर काढले तर तो भाड्याने घर घेतो. आमच्या मुलाला वसतिगृहातून काढले तर त्याचे शिक्षण जाते. म्हणून हा चोचल्यांचा प्रश्न नाही. राखीव जागेइतकाच शिक्षणाच्या हक्काचा प्रश्न आहे.

२०१९ साली, माझ्या निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना, काही विद्यार्थी माझ्याकडे आले. त्यांना महाविद्यालयात ह्या विषयावर अभ्यासमंडळ काढायचे होते. नियमाप्रमाणे अर्जावर एका प्राध्यापकाचे सल्लागार म्हणून नाव लागत होते. तीन ठिकाणी नकार घेऊन ते आले होते. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही आमच्यातले आहात असे लोक म्हणतील, चालेल का?" मी म्हटले, "चालेल." आणि सही केली. सदतीस वर्षे उशिरा केलेली ती सही होती. ज्याच्यासाठी ती करायची होती त्याला तिचा काही उपयोग नाही, हे मला ठाऊक आहे. पहिल्या बैठकीला सात जण आले. चहा झाला, ओळखी झाल्या. दोघांनी नाव सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही.

शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते मित्रांना माझे सांगणे एवढेच की असा कागद आज ना उद्या तुमच्यापुढे येईल. वसतिगृहाचा असेल, मंडळाचा असेल, पोलीस ठाण्यातला असेल. ज्याचे नाव उघड झाले तर आयुष्य जाते त्याच्याकडे सही मागू नका. ज्याचे काही जात नाही त्याने आपले नाव द्यावे. लोक 'हाही त्यांच्यातलाच' म्हणतील. म्हणू द्यावे.